फोटो लोड होताना चमक दाखवायची आहे, पण साध्या फोनवर अडकते आणि पान उड्या मारते

कलमवाला

वरूड-शेंदुरजनाघाट भागातल्या संत्रा रोपवाटिकेचं पान बनवतो आहे. ४८ फोटो, सगळे उभे, फोनवर शेजारी-शेजारी दोन. फोटो येईपर्यंत राखाडी चौकट आणि तिच्यावरून सरकणारी उजळ पट्टी, फोटो आला की तो हळूच उमटावा, एवढंच पाहिजे.

सध्याची मांडणी: इमेज टॅगलाच ग्रेडियंटची पार्श्वभूमी, तिचं बॅकग्राउंड-पोझिशन १.५ सेकंदांत सरकतं. पानाच्या शेवटी स्क्रिप्ट आहे, ती लोड इव्हेंट ऐकते आणि ओपॅसिटी शून्यावरून १ करते. फोटो फोनमधून काढले तसेच चढवलेत, ३००० बाय ४०००, प्रत्येकी ३-४ एमबी.

अडचणी अशा:
- २ जीबी रॅमच्या फोनवर पट्टी झटके देत सरकते, कधी पान आपोआप रिफ्रेश होते.
- फोटो आला की खालचं सगळं सरकतं, बोट एका कलमावर ठेवावं तर दुसरंच उघडतं.
- दुसऱ्यांदा पान उघडलं की काही फोटो दिसतच नाहीत, चौकट कोरी.
- एखादा फोटो आलाच नाही तर पट्टी जन्मभर फिरत राहते.

गिऱ्हाईक शेतातून पान उघडतात. बाजारात ४जी बरं चालतं, बगिच्यात एक कांडी. काऊन होत असेल असं?

पऱ्हाटी

भाऊ, चमक राहू द्या बाजूला, आधी फोटो लहान करा. ३००० बाय ४००० चा फोटो फाइल म्हणून ३ एमबी असेल, पण पूर्ण उलगडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे एकेक फोटो ४८ एमबी. ब्राउझर सगळे एकदम उलगडत नाही हे खरं, पण भराभर स्क्रोल केलं की ७-८ फोटो एकाच वेळी मेमरीत येतात आणि २ जीबीचा फोन टॅबच मारून टाकतो. पान आपोआप रिफ्रेश होतं ते यामुळे. तोच फोटो ६०० बाय ८०० केला की २ एमबीच्या आत.

प्रत्येक फोटोच्या तीन प्रती काढा: ४००, ६०० आणि १२०० रुंदीच्या, वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार), क्वालिटी ७५. इमेज टॅगच्या सोर्ससेटमध्ये तिन्ही द्या आणि साइझेसमध्ये फोनसाठी ५० व्हीडब्ल्यू, म्हणजे पडद्याची अर्धी रुंदी, लिहा. हे साइझेस लोक विसरतात. ते नसलं तर ब्राउझर फोटो पूर्ण रुंदीचा धरतो आणि अर्ध्या रुंदीच्या चौकटीसाठी १२०० वाली प्रत ओढून आणतो. १२०० वाली फक्त फोटो मोठा करून पाहताना लागते, कारण खुंटावर डोळा बांधलेली जागा नीट दिसल्याशिवाय कोणी कलम बुक करत नाही.

पान उड्या मारतं, कारण फोटो येईपर्यंत ब्राउझरला उंची माहीत नसते. इमेज टॅगमध्ये विड्थ ६०० आणि हाइट ८०० लिहा, नुसते आकडे, पुढे पीएक्स नको. शिवाय फोटोभोवती एक डिव्ह घ्या आणि त्याला अॅस्पेक्ट-रेशो ३/४ द्या. आत इमेज विड्थ १०० टक्के, हाइट १०० टक्के, ऑब्जेक्ट-फिट कव्हर. डिव्ह घेणार नसाल तर सीएसएसमध्ये हाइट ऑटो लिहायला विसरू नका, नाहीतर फोटो ८०० उंचीवर ताणला जातो आणि कलम बांबूसारखं दिसतं.

आता चमक. बॅकग्राउंड-पोझिशन हललं की ब्राउझरला प्रत्येक फ्रेमला ती चौकट नव्याने रंगवावी लागते. पडद्यावर सहा-आठ चौकटी, सेकंदाला ६० फ्रेम, साध्या फोनचा प्रोसेसर दमणारच. ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी या दोनच गोष्टी हलवा. त्या ग्राफिक्स चिपकडे जातात, नव्याने रंगवणं होत नाही. म्हणून:

१. बाहेरच्या डिव्हला पोझिशन रिलेटिव्ह, ओव्हरफ्लो हिडन, साधा राखाडी रंग.
२. त्याच डिव्हच्या बिफोर स्यूडो-एलिमेंटला (सीएसएसने बनणारा जादा तुकडा) कंटेंट रिकामा (दोन अवतरणचिन्हं टाका, ती नसली तर काहीच उमटत नाही), पोझिशन अॅब्सोल्यूट, इनसेट शून्य, आणि पारदर्शक-उजळ-पारदर्शक असा आडवा ग्रेडियंट.
३. की-फ्रेममध्ये ट्रान्सलेट-एक्स उणे १०० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत, १.४ सेकंद, इन्फिनिट.
४. इमेजलाही पोझिशन रिलेटिव्ह द्या.

चौथी पायरी फालतू वाटते, पण ती गाळली की मजा होते: ओपॅसिटी १ पेक्षा कमी असेपर्यंत फोटो पट्टीच्या वर राहतो, आणि १ झाली रे झाली की पट्टी फोटोवर चढून बसते. पोझिशन दिली की हा घोळ होत नाही.

स्यूडो-एलिमेंट इमेज टॅगवर थेट चालत नाही, तो रिप्लेस्ड एलिमेंट आहे, म्हणजे त्याच्या जागी बाहेरची फाइल येते. डिव्ह लागतोच.

रंगाचं एक. जाळ्यावर मिळणारे नमुने फार फिके असतात, उन्हात उभं राहून पाहिलं तर पांढऱ्यावर पांढरं. तळाचा राखाडी आरजीबी २१० च्या आसपास आणि पट्टी २४० ठेवा. बगिच्यात पाहणाऱ्याला तरी कळेल की काहीतरी येतंय.

पांदणरस्ता

कोऱ्या चौकटीचं कारण वेगळं आहे. फोटो कॅशमध्ये (ब्राउझरने फोनमध्ये जपलेल्या प्रतींत) असला की तो तुमची स्क्रिप्ट चालू होण्याच्या आधीच येऊन बसतो. लोड इव्हेंट तेव्हाच होऊन गेला, तुम्ही नंतर कान लावला. ओपॅसिटी शून्यच राहिली.

स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फोटोसाठी हा क्रम ठेवा. आधी इमेजचं कम्प्लीट (फोटो आणायचं काम संपलं का) तपासा. ते खरं असेल आणि नॅचरल-विड्थ (फोटोची मूळ रुंदी) शून्यापेक्षा जास्त असेल तर फोटो आलेला आहे, लगेच "आला" वाला क्लास लावा. कम्प्लीट खरं पण नॅचरल-विड्थ शून्य, म्हणजे फोटो फसला, "फसला" वाला क्लास लावा. दोन्ही नसेल तरच लोड आणि एरर असे दोन्ही इव्हेंट ऐका. नुसतं कम्प्लीट पाहून भागत नाही, तुटलेल्या फोटोलाही ते खरंच येतं.

लोड झाल्यावर लगेच उमटवण्यापेक्षा त्या फोटोवर डिकोड (फोटो आधीच उलगडून ठेवणं) बोलवा आणि त्याचं प्रॉमिस पूर्ण झालं की क्लास लावा. नाहीतर उमटणं सुरू होतं तेव्हाच फोटो उलगडायचं काम येतं आणि ३०० मिलिसेकंदांच्या ट्रान्झिशनचा पहिला अर्धा भाग गिळला जातो. डिकोड फसलं तरी क्लास लावायचाच, कॅच मोकळं सोडू नका.

"फसला" क्लासवर तीन गोष्टी: अॅनिमेशन नन, इमेजची ओपॅसिटी १ म्हणजे ऑल्ट मजकूर (फोटोऐवजी दिसणारं वर्णन) दिसेल, आणि "पुन्हा आणा" असं बटण. एक कांडी नेटवर्कमध्ये फोटो अर्ध्यात तुटणं रोजचंच, बटण नसलं तर माणूस अख्खं पान रिफ्रेश करतो आणि आलेल्या फोटोंचीही वाट लागते. ऑल्टमध्ये "फोटो १२" लिहू नका, "नागपुरी संत्रा, जंबेरी खुंट" असं लिहा. फोटो नाही आला तरी कोणतं कलम ते कळलं पाहिजे.

"आला" क्लास लागला की पट्टीचं अॅनिमेशनही बंद करा. फोटोखाली झाकली गेली तरी ती चालूच असते. ४८ पट्ट्या न दिसता पळत राहतात आणि बॅटरी खातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ओपॅसिटी शून्य हा नियम थेट इमेजवर लिहू नका. स्क्रिप्टमधून एचटीएमएल टॅगला एक क्लास लावा, आणि तो क्लास असेल तरच फोटो लपवा. स्क्रिप्ट फाइल नेटवर्कमुळे आलीच नाही तर काय, याचाही विचार हवा. ज्या फाइलमध्ये दाखवायचं काम आहे तिच्यातच लपवायचा क्लासही लावला तर दोन्ही एकत्र येतील किंवा एकत्र बुडतील. मी तेच सुचवेन.

कलमवाला

उड्या थांबल्या, कोऱ्या चौकटीही गेल्या. पट्टी आता गुळगुळीत सरकते. फोटोंना लेझी लोडिंग (पडद्याजवळ आला की मगच फोटो मागवणं) लावलं आहे. आता दोन प्रश्न. बाजारातल्या नेटवर स्क्रोल केलं तर चमक दिसतच नाही, बिघडलं का काही? आणि बऱ्याच ठिकाणी आधी धुरकट फोटो येतो आणि मग स्वच्छ होतो, तसं करावं का?

रानकोंबडा

धुरकट फोटोबद्दल सांगतो. १५ बाय २० पिक्सेलची इवलीशी प्रत काढायची, बेस६४ (फाइल अक्षरांत मांडायची पद्धत) करून एचटीएमएलमध्येच टाकायची आणि ताणून चौकटीची पार्श्वभूमी करायची. बेस६४ मुळे आकार एक-तृतीयांश वाढतो, तरी एकेक ५००-६०० बाइटच्या घरात बसते. ४८ फोटोंचे २५-३० केबी थेट एचटीएमएलमध्ये. मजकूर तेवढा उशिरा, हे लक्षात ठेवा.

वर फिल्टर ब्लर २० पीएक्स मारण्याचा मोह टाळा. मोठ्या त्रिज्येचा ब्लर साध्या ग्राफिक्स चिपला जड जातो, आणि तो उमटण्याच्या ट्रान्झिशनसोबत हलवला तर झटके परत आले समजा. शिवाय ब्लरमुळे कडा पारदर्शक होतात, चौकटीच्या काठाला फिकी रेघ दिसते. ती लपवायला स्केल १.१ करावं लागतं. इवली प्रत ताणली की ब्राउझर स्वतःच ती मऊ करतो, तेवढं पुरतं.

ब्लरहॅश नावाचा प्रकार आहे, २०-३० अक्षरांत फोटोचा धुरकट ठसा बसतो. पण तो उलगडायला जावास्क्रिप्ट लागते.

माझं मत विचाराल तर तुमच्या पानाला यातलं काहीच नको. ताडोब्याच्या रिसॉर्टवाल्याला धुरकट फोटो शोभतो, कारण वाघाचा पिवळा आणि बांबूचा हिरवा धुरकटातही वेगळा कळतो. कलमांचे ४८ फोटो धुरकट केले की ४८ हिरवे डाग. त्यापेक्षा प्रत्येक फोटोचा सरासरी रंग काढून तो डिव्हला द्या. एक रंग, डझनभर अक्षरं, आणि फोटो उमटताना राखाडीतून हिरव्यात जाणारा धक्काही जाणवत नाही.

प्रोग्रेसिव्ह जेपेग हा अजून एक फुकटचा मार्ग: फोटो आधी भरडा आणि मग बारीक होत येतो, कोडची एक ओळ लागत नाही. पण ओपॅसिटी शून्य ठेवून लोड झाल्यावरच दाखवणार असाल तर त्याचा उपयोग शून्य. वेबपीमध्ये ही सोय नाही, तो वरून खाली उमटत येतो.

पऱ्हाटी

चमक दिसत नाही, बिघडलं काहीच नाही. क्रोम लेझी फोटो पडद्यावर यायच्या बरंच आधी मागवतो: ४जीवर सुमारे १२५० पिक्सेल आधी, ३जी किंवा त्याहून हळू असेल तर २५०० पिक्सेल आधी. बाजारात तुमचं बोट पोचायच्या आत फोटो हजर. चमक न दिसणं हेच चांगलं आहे बाप्पा, ती दिसावी म्हणून फोटो अडवून ठेवणारेही पाहायला मिळतात!

उलट झटपट आलेल्या फोटोवर पट्टीची नुसती लुकलुक होऊ नये म्हणून पट्टी आधी ओपॅसिटी शून्य ठेवा, की-फ्रेममध्ये ती १ करा आणि २०० मिलिसेकंदांच्या अॅनिमेशन-डिलेनंतर सुरू करा. तेवढ्यात फोटो आला तर पट्टी कोणाला दिसायचीच नाही.

पानाच्या माथ्यावरचा मोठा फोटो मात्र या सगळ्यातून वगळा. त्याला लेझी नको, ओपॅसिटी शून्य नको, उमटणं नको. फेच-प्रायॉरिटी हाय द्या. गूगलच्या मोजणीत सर्वात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसला तर चांगला धरतात, आणि ओपॅसिटी शून्य असलेला फोटो त्या मोजणीत दिसलेला धरतच नाहीत.

प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशनची मीडिया क्वेरी टाका, तिच्यात पट्टी बंद आणि ट्रान्झिशन शून्य. सरकत्या गोष्टींनी डोकं गरगरणारी माणसं असतात. पट्टीला विल-चेंज (हे हलणार आहे असं ब्राउझरला आधीच सांगणं) लावू नका, ४८ वेगळे थर ग्राफिक्स मेमरीत बसवायची गरज नाही.

तपासणी लॅपटॉपवर करत असाल तर क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क टॅबवर डिसेबल कॅश आणि ३जी निवडा, परफॉर्मन्स टॅबवर सीपीयू ६ पट हळू. रेंडरिंग टॅबमधलं पेंट फ्लॅशिंग चालू केलं की नव्याने रंगणारा भाग हिरवा चमकतो. पट्टी सरकताना हिरवं दिसलं तर कुठेतरी अजून बॅकग्राउंड-पोझिशन उरलंय. कोऱ्या चौकटीचा दोष मात्र डिसेबल कॅश काढून, तेच पान दुसऱ्यांदा उघडूनच सापडतो. कॅश बंद ठेवून तपासलं तर तो कधीच दिसायचा नाही.

कलमवाला

पट्टीऐवजी फिरणारं चक्र ठेवलं तर? एक जिफ पडलेली आहे.

पांदणरस्ता

जिफ नको. २५६ रंग, आणि पारदर्शकता एकतर पूर्ण किंवा अजिबात नाही, त्यामुळे रंगीत चौकटीवर चक्राच्या कडेला पांढरे दातरे दिसतात. चक्र हवंच असेल तर रिकामा डिव्ह, ४ पीएक्सची गोल बॉर्डर, एक बाजू गडद, आणि रोटेट ३६० अंश ०.८ सेकंदांत. पण ते "आणखी कलमं पहा" या बटणाजवळ एकच ठेवा. ४८ चौकटींत ४८ चक्रं फिरवलीत तर गिऱ्हाईक कलम पाहणार का चक्र.