अन्य भाषेत बोलता आलं नाही म्हणजे पवित्र आत्मा मिळालाच नाही का? पेंटेकॉस्टचा खरा अर्थ सांगाल का कोणी

राहुरीची_नात

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. आम्ही मूळचे राहुरीकडचे, पणजोबांपासून ख्रिस्ती, मी मात्र पुण्यातच वाढले, कॅम्पात मराठी उपासनेला जात मोठी झाले, दृढीकरण (मोठेपणी स्वतः श्रद्धा कबूल करायचा विधी) पण तिथेच झालं. गेल्या महिन्यात ऑफिसमधली मैत्रीण मला खराडीत एका प्रार्थनासभेला घेऊन गेली. गाणी खूप छान होती, लोक प्रेमळ, सगळ्यांना आग्रह करून जेवायला वाढलं, हे आधीच सांगते कारण मला कोणाची बदनामी करायची नाहीये. शेवटी पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना सुरू झाली, माझ्या डोक्यावर हात ठेवले, आजूबाजूचे सगळे अन्य भाषेत (म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने येतात असं मानलेल्या, स्वतःलाही न कळणाऱ्या शब्दांत) बोलायला लागले आणि मला म्हणत होते तोंड उघड, बोल, लाजू नको. मला एक शब्द आला नाही. नुसतं रडू येत होतं. निघताना चपला घालत होते तेव्हा एक ताई हळूच म्हणाल्या की तुला आत्मा अजून मिळाला नाहीये गं, उपास करून माग.

तेव्हापासून झोप लागत नाही नीट. माझी आजी चौथी शिकलेली, पहाटे पाचला उठून चुलीपुढे बसून साध्या नगरी बोलीत प्रार्थना करायची, गावातल्या कितीतरी बाळंतपणांना रात्री-अपरात्री धावून गेली, सासऱ्याने आयुष्यभर छळलं त्याचं शेवटी हागणंमुतणं हिनेच काढलं आणि कधी कडू शब्द बोलली नाही. ती कधीच अन्य भाषेत बोलली नाही. मग तिलाही आत्मा मिळाला नव्हता का? पेंटेकॉस्ट जवळ आलाय आणि मला चर्चला जायचीच भीती वाटतेय.

वानवडीचे_काका

बाळा, पहिलं म्हणजे चर्चला जा. घाबरू नको.

आता प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय काढ आणि सावकाश वाच. पेंटेकॉस्ट म्हणजे पन्नासावा दिवस, मुळात हा यहुद्यांचा सण, वल्हांडणापासून सात आठवडे मोजायचे आणि गव्हाच्या पिकाचं पहिलं फळ देवाला वाहायचं, आपल्या कॅम्पातल्या लाल देवळातले (म्हणजे सिनेगॉगमधले) यहुदी लोक त्याला शाव्हुओत म्हणतात. त्या सणासाठी यरुशलेमात दूरदूरचे यहुदी जमले होते. येशूचे शिष्य एका ठिकाणी एकत्र होते, आधीच्या अध्यायात सुमारे १२० जण असा आकडा आहे आणि त्यात बायका होत्या, येशूची आई मरीया होती. सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज आला, अग्नीच्या जिभांसारखं काही प्रत्येकावर येऊन बसलं आणि ते वेगवेगळ्या भाषांत बोलू लागले.

आणि इथेच लोक घाई करतात. पुढे काय लिहिलंय? बाहेर गर्दी जमली, पार्थी, मेदी, एलामी, मिसरचे, लिबियाचे, रोमचे, क्रेतीचे, अरब, आणि त्यांना धक्का कशाचा बसला, तर हे सगळे गालीली लोक असून आम्हाला आमच्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्यं ऐकू येताहेत याचा! म्हणजे त्या दिवशीची भाषा ऐकणाऱ्याला कळावी म्हणून होती, लिबियाहून आलेल्या माणसाला त्याच्या आईच्या भाषेत देव भेटला. बाबेलच्या बुरुजापाशी भाषांचा गोंधळ होऊन माणसं पांगली होती, इथे भाषा तितक्याच राहिल्या पण माणसं जोडली गेली. मला तर यात फार मोठं सुख वाटतं की देवाने सगळ्यांना एकच भाषा बोलायला लावली नाही, तो प्रत्येकाच्या भाषेत आला.

अजून एक. येशूचा शिष्य पेत्र बघ. सातच आठवड्यांपूर्वी एका दासीच्या प्रश्नाला घाबरून मी येशूला ओळखत नाही म्हणणारा माणूस, तो सकाळी नऊ वाजता हजारोंसमोर उभा राहून बोलला आणि त्या दिवशी सुमारे ३००० लोकांचा बाप्तिस्मा झाला. योएल संदेष्ट्याचं वचन त्याने सांगितलं की तुमचे मुलगे आणि तुमच्या मुली, दास आणि दासी, सगळ्यांवर आत्मा ओतीन. यात तुझी आजी येते. चुलीपुढे बसलेली बाई नक्की येते.

पहाटेची_प्रार्थना

मी स्वतः पेंटेकॉस्टल मंडळीत आहे, विश्रांतवाडीला, आणि मी अन्य भाषेत प्रार्थना करते, १४ वर्षं झाली. ते खरं आहे आणि माझ्यासाठी फार मोलाचं आहे, नवरा आयसीयूत होता तेव्हा मराठीत काय मागावं तेच सुचत नव्हतं आणि त्या वेळी मला त्याच प्रार्थनेने धरून ठेवलं. म्हणून कोणी हे नाटक आहे म्हटलं की मला लागतं. पण ताई, तुला जे सांगितलं गेलं ते चूक आहे असं मी माझ्याच लोकांना सांगेन. आमच्यात बरेच जण अन्य भाषा हा आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पहिला पुरावा मानतात हे खरंय, तरी एखाद्या मुलीला दारात उभं करून तुला आत्माच नाही असं म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. प्रेषित पौल स्वतः अन्य भाषा बोलायचा, तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो म्हणतो, आणि तोच करिंथकरांना (करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात) विचारतो की सगळेच भाषा बोलतात काय? उत्तर नाही असंच आहे तिथे. त्याच पत्रात म्हणतो की आत्म्यावाचून येशू प्रभू आहे असं कोणी म्हणूच शकत नाही. तू म्हणतेस ना? मग झालं.

आणि ते रडू. रोमकरांस पत्र ८:२६ वाच. आपल्याला प्रार्थना कशी करावी कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. मला वाटतं त्या हॉलमधे तुझ्या बाबतीत हेच चाललं होतं.

कसब्यातला_वाचक

मी ख्रिस्ती नाही, शाळेतला एक मित्र होता म्हणून थोडंफार माहितीये, चुकलं तर माफ करा. प्रामाणिक शंका आहे. आत्मा म्हटलं की आमच्याकडे एक तर गीतेतला आत्मा आठवतो नाहीतर मेलेल्या माणसाचा. आणि हे अन्य भाषेत बोलणं वाचून गावाकडे जत्रेत अंगात येतं ते डोळ्यासमोर आलं. हे तसंच काही आहे का?

फुलगावकर

छान विचारलंत, आमच्या घरातही मुलांनी हेच विचारलेलं. मी कॅथलिक आहे. शब्दाचा घोळ होतो खरा. हिब्रूत रुआख, ग्रीकमधे न्युमा, दोन्हीचा अर्थ वारा, श्वास, आत्मा असा एकत्रच आहे. उत्पत्तीत देव मातीच्या माणसात श्वास फुंकतो, आणि पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांवर फुंकर घालून म्हणतो पवित्र आत्मा घ्या. तेव्हा मेलेल्या कोणाचा आत्मा वगैरे नाही, देवाचाच श्वास, आणि आमच्या श्रद्धेप्रमाणे पिता, पुत्र यांच्याबरोबरीने तो स्वतः देव आहे, नुसती शक्ती नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू त्याला जे नाव देतो त्याला मराठी बायबलमधे 'कैवारी' शब्द आहे. मला हा शब्द फार आवडतो. कोर्टात आपली बाजू घेऊन उभा राहणारा, एकटं न सोडणारा.

अंगात येण्याबद्दल, त्या लोकांची श्रद्धा त्यांच्यापाशी, पण आमच्याकडे माणूस भान हरपून दुसराच कोणी होतो असं मानत नाहीत. पौल म्हणतो बोलणाऱ्याचं स्वतःवर नियंत्रण असतं, अर्थ सांगणारा कोणी नसेल तर मंडळीत गप्प बस. गलतीकरांस पत्रात आत्म्याचं फळ दिलंय, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. शेवटचं बघा, इंद्रियदमन! आत्मा आला की माणूस जास्त ताळ्यावर येतो.

राहुरीच्या ताई, ही यादी वाचून तुमच्या आजीबद्दल तुम्ही वर जे लिहिलंय ते परत वाचा. सासऱ्याची सेवा. सहनशीलता आणि ममता अजून वेगळी कशी दिसते मला माहीत नाही.

आमच्याकडे त्या रविवारी फादर लाल वस्त्रं घालतात, अग्नीची खूण म्हणून. त्याआधीचे नऊ दिवस आम्ही नोव्हेना करतो, कारण येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य असेच वाट बघत प्रार्थना करत होते. वाट बघणं हा पण त्या सणाचाच भाग आहे, हे उशिरा कळलं मला.

दौंड_लोकल

पुण्यात बसून पेंटेकॉस्टबद्दल बोलताय आणि केडगावचं नाव कोणी काढलं नाही? दौंडच्या गाडीने तासा-दीड तासात पोचता. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधे १९०५ च्या जूनमधे मोठं संजीवन (श्रद्धेची नवी जागृती) झालं, अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटच्या, म्हणजे जिथून पेंटेकॉस्टल चळवळ पसरली त्या सभांच्या, आदल्या वर्षी. दुष्काळातून वाचवलेल्या मुली, बालविधवा, या बायका तासन् तास प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, पुढे काहीजणी अन्य भाषेतही बोलल्या. पण प्रत्येकीने भाषा बोललीच पाहिजे असा हट्ट तिथे धरला गेला नाही. त्या मुली मग गावोगाव सुवार्ता सांगत फिरल्या, ज्यांना घरात तोंड उघडायची मुभा नव्हती त्या.

आणि मला यापेक्षाही मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. रमाबाई संस्कृतच्या पंडिता, पुराणं मुखोद्गत, तरी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल अगदी सोप्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली, का तर कमी शिकलेल्या बाईला ते वाचून कळलं पाहिजे. छपाईचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं. १९२२ ला रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला छापून निघालं. वरती काकांनी सांगितलं ना, प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत ऐकलं. चुलीपुढच्या बाईला तिच्या बोलीत देवाचं वचन मिळालं, मी तरी याला पेंटेकॉस्टच म्हणतो.

राहुरीची_नात

वाचता वाचता ऑफिसच्या बसमधे रडले, पण हे रडू वेगळं होतं. आजीच्या बायबलात गलतीकरांच्या त्या पानावर तिने पेन्सिलने खूण केलेली आहे, काल रात्री काढून बघितलं. इतकी वर्षं ते बायबल माझ्या कपाटात आहे आणि मी ते पान कधी उघडलंच नव्हतं. मैत्रिणीशीही बोलले, तिला वाईट वाटलं, ती म्हणाली त्या ताईंशी मी बोलते.

पहाटेची_प्रार्थना ताई, तुमचे मिस्टर आता कसे आहेत?

पहाटेची_प्रार्थना

बरे आहेत गं, प्रभूची कृपा. रोज सकाळी चालायला जातात.

वानवडीचे_काका

बाळा, आमच्या चर्चमधे त्या रविवारी कृत्ये दोनचा भाग सगळे आपापल्या भाषेत एकदमच मोठ्याने वाचतात, तमिळ, मल्याळम, कोंकणी, हिंदी, एक आजोबा तेलुगू वाचायचे ते यंदा नाहीत. मराठी वाचायला कोणीतरी हवंय. सकाळी साडेआठला ये, आजीचंच बायबल घेऊन ये.