जुना हाफ प्लेट लाकडी कॅमेरा विकायला निघालाय, घ्यावा का?

अमळनेरचा_पोऱ्या
मंडळी नमस्कार. आमच्या गावातला एक जुना स्टुडिओ बंद होतोय, मालकाचा मुलगा सगळं सामान काढतोय, त्यात एक हाफ प्लेट फील्ड कॅमेरा आहे, केरळमधल्या आलेप्पीला बनलेला, वागीश्वरी नावाचा, सागवानी बॉडी, पितळी फिटिंग, सोबत पितळी लेन्स, तीन लाकडी होल्डर (प्लेट किंवा फिल्म भरून कॅमेऱ्याच्या मागे लावायच्या चपट्या पेट्या) आणि स्टँड. 28 हजार म्हणतोय. लेन्सला शटर नाहीये, फक्त अपर्चरची रिंग फिरते. मी 35 एमएमवाला माणूस, ब्लॅक अँड व्हाइट घरीच धुतो. डोक्यात पारोळ्याचे वाडे, चांगदेवचं देऊळ, आपल्या प्रताप मिलचा परिसर असं मोठ्या निगेटिव्हवर काढायचं आहे. मुंबईत एकाकडे 4×5 इंची फिल्मचा मोनोरेल (एका दांडीवर पुढेमागे सरकणारा कॅमेरा) पण आहे, शटरवाली 150 ची लेन्स, पण तो 70 हजारांच्या खाली येत नाही. बायको म्हणते शोकेसमध्ये ठेवायला 28 हजार घालणार का. काय करू?

तापीकाठ
घे भो!! असा सागवान आता फर्निचरला पण भेटत नाही 😄

हायपो_जळगाव
तापीकाठ, त्याला पलंग करायचा नाहीये.
पोऱ्या, लाकूड आणि पितळ बघून हरखू नको, आधी होल्डर उघड. जुने लाकडी होल्डर बहुतेक काचेच्या प्लेटसाठी असतात, पुस्तकासारखे उघडतात, त्यात फिल्म लावायची तर पत्र्याची पातळ शीथ लागते, फिल्म तिच्यात सरकवायची आणि मग ती काचेच्या जागी बसवायची. शीथ नसेल तर फिल्म सपाट राहतच नाही, मधे फुगते आणि फोकस गेलाच समज. स्टुडिओवाल्यांनी पुढे कटफिल्म (सुट्या शीटची फिल्म) वापरली असणार तेव्हा शीथ कुठेतरी डब्यात पडलेल्या असतील, माळ्यावर शोधायला सांग.
दुसरं म्हणजे माप. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, या मापाचं तयार पाकीट कुठल्या दुकानात सहज मिळत नाही, 4×5 ची इल्फर्ड, फोमा ऑनलाइन मिळते पण एका शीटचा भाव बघून घाम फुटतो. म्हणून आपले लोक एक्स-रे फिल्म कापतात. 8×10 च्या एका शीटमधून हाफ प्लेटचे बरोब्बर दोन तुकडे निघतात, साडेनऊ इंच लागतात, अर्धा इंच उरतो. पण ओली धुवायची जुन्या पद्धतीचीच फिल्म माग, आता बऱ्याच सेंटरला ड्राय फिल्म असते ती आपल्या काहीच कामाची नाही.
भाता (लेन्स आणि मागच्या काचेमधला घड्यांचा पडदा) बघायचा तर खोली काळोखी कर, मागची काच, जिच्यावर फोकस बघतो ती, काढून आत मोबाईलचा टॉर्च सोड आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघ, भोकं पडतात ती तिथेच. एकदोन असतील तर काळं कापड चिकटवून भागतं, चाळणी झाली असेल तर भाता नवा करावा लागेल, तो खर्च भावातून काप.

अमळनेरचा_पोऱ्या
भारी माहिती दादा. आणि शटरचं काय? लेन्सची टोपी काढून एक्सपोजर जमतं का खरंच?

हायपो_जळगाव
सावलीत जमतं. एक्स-रे फिल्म 25 आयएसओ धर, अपर्चर 45, तर आपल्या कडक उन्हात सेकंदाचा तिसरा हिस्सा येतो, तो काही हाताने टोपी काढून घालून साधायचा नाही. तेच वाड्याच्या ओसरीत, सावलीत दोन-तीन सेकंद येतात, टोपी आरामात. उन्हात एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लाव नाहीतर सकाळी लवकर जा. माणसं काढणार असशील तर एक ध्यानात ठेव, एक्स-रे फिल्मला लाल रंग दिसत नाही, ओठ काळे येतात आणि चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग उठून दिसतो, वहिनींचा पहिला फोटो त्यावर काढू नको.

चाळीसगाव_लाईन
मी मोनोरेलच्या बाजूने. वाडा, देऊळ काढायचं म्हणजे लेन्स वर सरकवावी लागते (राईज), कॅमेरा वर तोंड करून धरला की भिंती आत झुकतात. लाकडीमध्ये राईज असतो पण किती ते तिथे उभं राहून बघ, आणि लेन्स तेवढं झाकते का ते पण बघ, नाहीतर कोपरे काळे. मात्र मोनोरेल पाठीवर घेऊन चांगदेवला जाणं म्हणजे हमाली. आणि देवळात ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्ववाल्यांची परवानगी आधीच काढ.
अवांतर: आमच्याकडे केकी मूस यांचं कलादालन आहे, 1989 ला गेले ते, टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचं मोठं नाव. ते बघून ये, मग वाटेल बाहेर कशाला जायचं, घरच्या टेबलावरच कॅमेरा लावू. फक्त जवळून काढताना भाता लांबतो आणि उजेड कमी होतो, वस्तूएवढीच मोठी प्रतिमा हवी असेल तर दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट एक्सपोजर द्यायचं.

तापीकाठ
आणि मे महिन्यात धुवायला बसू नको, नळाला गरम पाणी येतंय, जिलेटिन सुटून येईल. दिवाळीनंतर कर काय ते.

हायपो_जळगाव
करता येतं उन्हाळ्यात पण. बर्फ बाटलीत भरून ट्रेच्या बाहेरच्या पाण्यात ठेवायचा, डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही. आणि हायपो (फिल्म पक्की करायचं रसायन) पण त्याच तापमानाचा पाहिजे, सगळे विसरतात.

अमळनेरचा_पोऱ्या
काल जाऊन आलो. भाता तीन कोपऱ्यात फाटलाय, लेन्सला कडेला बुरशी आहे पण मधे स्वच्छ वाटतेय, शीथ फक्त दोन सापडल्या. मी 15 म्हटलं, तो 20 वर आलाय, शीथ अजून शोधतो म्हणाला.

हायपो_जळगाव
शीथ दोनच राहिल्या तर 15 च्या वर जाऊ नको. सहा मिळाल्या तर 18 ला घे. आणि पैसे द्यायच्या आधी एक कर, होल्डरच्या तोंडावर पट्टी आडवी ठेवून शीथमधल्या फिल्मपर्यंतची खोली मोज, मग मागच्या काचेच्या फ्रेमवर तशीच पट्टी ठेवून घासलेल्या बाजूपर्यंत मोज. दोन्ही सारखी आली पाहिजे. काच बदललेली असेल तर हमखास फरक येतो.

अमळनेरचा_पोऱ्या
व्हर्नियर आहे भावाकडे, नेतो. मोनोरेलवाल्याला सध्या थांबा म्हणून कळवलंय. एक्स-रे फिल्म लाल उजेडात धुता येते ना? साधा लाल झिरोचा बल्ब चालेल?

हायपो_जळगाव
कुठला पण लाल चालत नाही, काही बल्बचा रंग नुसता वरवर असतो. फिल्मचा एक तुकडा बल्बखाली ठेव, त्यावर रुपयाचं नाणं, पाच मिनिटं थांब आणि धू. नाण्याचा गोल उमटला तर बल्ब बदल.