मदत हवी आहे: धाकट्या भावाची महाधमनी ६.८ सेंमी फुगली आहे, ऑपरेशन कुठे करावं?

भाऊ २४ वर्षांचा, सोलापुरात चादरीच्या कारखान्यात कामाला. दम लागतो म्हणून इको केला, मग सीटी अँजिओ. हृदयातून निघणारी महाधमनी मुळाशीच ६.८ सेंमी झाली आहे आणि झडपही बरीच गळते. अंगाने उंच, सडपातळ; मूठ वळली की अंगठ्याचं टोक पलीकडे बाहेर येतं. डॉक्टरांना मारफान सिंड्रोमची (शरीराला आधार देणाऱ्या ऊती कमकुवत करणारा आनुवंशिक आजार) शंका आहे. त्यात ५ सेंमीलाच ऑपरेशनचा विचार करतात, त्यामुळे आता थांबण्यात अर्थ नाही, हे आम्हाला पटलंय. धमनीचा आतला थर फाटला किंवा ती फुटली तर हाताशी वेळ फार थोडा असतो.

सध्या छातीत किंवा पाठीत दुखत नाही. बीपी आणि नाडी ताब्यात ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. गठ्ठे उचलणं पूर्ण बंद. शुगर नाही, व्यसन नाही. माझा आणि आईचा इकोही करून घेतोय, कारण हे घराण्यात चालतं.

इथल्या सर्जननी बेंटॉल (महाधमनीचं मूळ आणि झडप दोन्ही बदलायचं ऑपरेशन) सुचवलं आहे. पण धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवायची गोळी आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते बघायची) तपासणी जन्मभर. त्याचं वय बघता स्वतःची झडप वाचवता येईल का, हे एकदा विचारायचंच आहे.

केशरी रेशनकार्ड आहे, फुले योजनेतून करायचंय. पुण्या-मुंबईत झडप वाचवून हे ऑपरेशन नेहमी करणारे, योजनेतले सर्जन कोण? आणि त्याला तिथवर रेल्वेने न्यावं की ॲम्ब्युलन्सनेच?