धाब्यावरची रात्र, तिघी बहिणी अन् ‘पोरगा कसा वाटला?’ (अनुभव धागा)

पूर्णाकाठची
काल रात्री एक कादंबरी संपवली. हलकीफुलकी, प्रेमाची. बहिणी बहिणी, प्रत्येकीला आपलं माणूस हवंय, आणि एकीचं जमायला लागलं की बाकीच्या त्याला तपासून घेतात. वाचता वाचता दोन वाजले. हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, कारण आमचं दर्यापूरकडचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर आठवलं. उन्हाळ्यात आम्ही तिघी धाब्यावर निजायचो. खाली बैठकीत बाबा-काका पाहुण्यांना शेती किती, नोकरी कुठे विचारायचे. खरा निकाल मात्र रात्री वर लागायचा.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं पाणी बाहेरच्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही. ताईला पाहायला यायचे ते बहुतेक अचलपूर-परतवाड्याकडचे, संत्र्याच्या मुलखातले, गोड्या पाण्याचे. पाहुण्यांसाठी आई दुरून गोडं पाणी आणवून ठेवायची. धाकटीनं ठरवलं, ते द्यायचं नाही, विहिरीचंच द्यायचं. एकानं घोट घेऊन गिलास सरकवला. एकानं अंगणात जाऊन चूळ टाकली. पाचव्यानं अख्खा गिलास संपवला आणि ताईकडे पाहून हळूच विचारलं, “तुम्ही रोज हेच पिता?”

रात्री धाब्यावर ताई एवढंच बोलली, “यानं विचारलं तरी.”

साक्षगंधापासून लग्नापर्यंत भाऊजी जेव्हा जेव्हा आले, गाडीला गोड्या पाण्याच्या दोन कॅन बांधूनच आले.

अशा कादंबऱ्यांना कोणी टाइमपास म्हटलं की मला वाईट वाटतं. जन्म कोणासोबत काढायचा, यापेक्षा मोठं आमच्यापुढे तेव्हा काय होतं? लिहा बरं, तुमच्याकडे बहिणीनं बहिणीसाठी काय काय केलं?

सरकी
माय वो! दोन कॅन!! भाकरी टाकता टाकता वाचत होती, एक करपली पहा.

भुलाबाईची पोट्टी
मी सातवीत, ताई बारावीत. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज भुलाबाईचे गाणे, अन् मंग खिरापत ओयखा. ज्याच्या घरी त्या दिवशी भुलाबाई होती, त्याचीच चिठ्ठी. त्याच्या बहिणीनं खिरापतीच्या डब्यात ठेवली, ताईच उघडन असं वाटलं तिले. उघडला काकूनं! मी झडप घातली अन् खोबऱ्याच्या किसासंगं चिठ्ठी तोंडात. चावली अन् गियली. काकू म्हणे, अवो हळू खाय, ठसका लागन.
आता वीस वर्षं झाले, ताई अजून इचारते, त्यात काय लिहिलं होतं? मी म्हणतो, वाचलीच नाही, त्यालेच इचार, तुयाच घरात बसला आहे.

सरकी
😂😂 पोट दुखलं हसून. मंग काय म्हणते तो?

भुलाबाईची पोट्टी
सांगतच नाही ना! म्हणते, ज्यानं गियली त्याले चव माहीत.

धुऱ्यावरचा
भाऊ म्हणून लिहितो, चालेल ना? चार बहिणी, मी शेंडेफळ. मोठीचं शकुंतलेत जमलं, मूर्तिजापूर-अचलपूर गाडीत. छोट्या स्टेशनावर गार्डच तिकिटं द्यायचा, गाडी आपली रमतगमत. मोठी आणि भाऊजी एका डब्यात, मधली मुद्दाम दुसऱ्या डब्यात, आणि मला गप्प ठेवायला तिच्याकडे फुटाण्याची पुडी. १९९४ मध्ये वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं. गावात सगळे खूश, गाडी आता लवकर पोचेल म्हणून. मोठीचा चेहरा तेवढा उतरला. तेव्हा मला कारण कळलं नव्हतं.

नरखेडचा संत्रा
शकुंतला! मामाच्या गावाला त्यानंच जायचो. पथ्रोट स्टेशन आठवते का कोणाले?

धुऱ्यावरचा
आठवते म्हणजे काय भाऊ, तिथलंच पाणी प्यायलो.

झाडीतली
आमच्याकडे भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावची जत्राच. गावोगावचे पाहुणे येतात, रातभर नाटक, आणि सोयरिकीच्या गोष्टी तिथेच निघतात. वडशाच्या कंपनीचं नाटक होतं. मी आणि माझी बहीण एका सतरंजीवर. समोरच्या रांगेतला एक पोरगा नाटकातल्या रडायच्या प्रसंगाला खरंच रडत होता, रुमालानं डोळे पुसत. बहीण म्हणाली, “हा चांगला आहे, पाहून घे.” मी म्हटलं, गप गं. सकाळी तीच मावशीला घेऊन त्याच्या मामांपर्यंत पोचली. अठरा वर्षं झाली लग्नाला. अजूनही नाटक पाहताना तेच रडतात, मी रुमाल देते.

कोरडवाहू
सगळ्यांचं वाचून छान वाटलं. आमचं थोडं वेगळं. मोठीच्या लग्नासाठी बाबांनी कापसावर आशा ठेवली होती, त्या वर्षी बोंडअळीनं पऱ्हाटी गेली. २०१७ ची गोष्ट. तिला एक जण आवडत होता, शाळेत गुरुजी, तो थांबायला तयार होता. पण मला स्थळ आलं आणि मोठी असताना धाकटीचं कसं करायचं म्हणून घरात अबोला. मोठीच बाबांना म्हणाली, तिचं होऊन जाऊ द्या, माझी काळजी करू नका. माझ्या हळदीला सगळ्यात जास्त तीच नाचली. मी मात्र त्या दिवशी जेवूच शकले नाही. गुरुजी दोन वर्षं थांबले. लग्न झालं त्यांचं, साधं, मंदिरात. मी तिच्या पदराला धरून इतकी रडले की लोकांना वाटलं नवरी मीच.

पूर्णाकाठची
कोरडवाहूताई, तुमचं वाचून ताईला फोन लावला मी. काही बोलायचं नव्हतं, नुसता लावला.

सरकी
माह्यापन डोळ्यात पाणी आलं वो ताई. गुरुजीले नमस्कार सांगजा.

पारड्याची सून
मी माझ्या मिस्टरांना बहिरामच्या यात्रेत पाहिलं. वहिनीच्या बहिणीचं जुळवायला गेलो होतो, जुळलं माझं 🙈 रोडगे भाजत होते ते, हातानं राख झटकून पहिला रोडगा माझ्या बहिणीला दिला, कारण ती भुकेजलेली होती. तिनंच नंतर घरी नाव काढलं. म्हणाली, भूक ओळखणारा माणूस आहे.

नरखेडचा संत्रा
रोडग्याचं नाव काढलं तं इचारतो, आमचे वरून करपते अन् आतून कच्चे रायते. काय चुकते?

पारड्याची सून
जाळावर ठेवत असाल. गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसू द्या, नुसता आर राहिला की ठेवा आणि वरून राखेनं झाका. कणीक जाडी, घट्ट मळा, आत तेल लावून घड्या घाला. घाई नाही करायची.

झाडीतली
सोबत वांग्याची भाजी पायजेच हं.

भुलाबाईची पोट्टी
पूर्णाकाठची, ते पुस्तक वाचून झालं असन तं धाडता का? ताईले पाहिजे.

पूर्णाकाठची
धाकटी घेऊन गेली आजच सकाळी. तिच्याकडून ताई नेणार आहे. त्यानंतर नंबर तुमचा, पत्ता इथे नका टाकू, निरोपात कळवा.

सरकी
मंग माहा. आता जातो, तूर वाळू घातली हाये अन् आभाळ आलं.