द फीलीजचा 'द गुड अर्थ' विकायच्या खोक्यातून परत काढला

पाच वर्षांत न लावलेल्या सीडी डोळे मिटून विकून टाका, असा सल्ला घर आवरणाऱ्यांना दिला जातो. मला ते पटत नाही. घर बदलायचंय म्हणून गेल्या आठवड्यात मीही तीन खोकी भरली. ओरखडे तपासायला प्रत्येक डिस्क दोन-दोन मिनिटं वाजवत होतो. त्यात द फीलीज या अमेरिकन रॉक बँडचा 'द गुड अर्थ' (१९८६) हा अल्बम लागला आणि हातातलं काम तिथंच राहिलं.

न्यू जर्सीतल्या हॅलेडनचा हा बँड. कौतुक होतं ते त्यांच्या १९८० च्या 'क्रेझी ऱ्हिदम्स' या अल्बमचं. मीही 'द गुड अर्थ'ला त्याची मवाळ आवृत्ती समजून कपाटात ढकललं होतं. चूक झाली. आर.ई.एम. या रॉक बँडचा गिटारवादक पीटर बक याचा निर्मितीत हात आहे. गिटारी एकमेकींत अशा मिसळतात की कुठली कोणाची ते सांगता येत नाही, आणि गाणारा आवाज मागे, पुटपुटल्यासारखा. पूर्वी हाच आवाज मला कच्चा वाटायचा. आता वाटतं, तो मागे आहे म्हणूनच गिटारी बोलतात.

'स्लिपिंग (इनटू समथिंग)' हे गाणं तर हेडफोन लावूनच ऐका. सुरुवात संथ, मग विलंबितातून द्रुतात जावं तशी लय नकळत चढते, आणि शेवटी गिटार अक्षरशः उधळते. लागोपाठ तीनदा ऐकलं.

बरीच वर्षं हा अल्बम बाजारात मिळत नव्हता. २००९ मध्ये बार/नन लेबलने पुन्हा काढला. माझी प्रत आता विकायची नाही. डबीचं झाकण निखळलंय, तेवढं बदलून घेतो.