कासवांचे किनारे बंद करा म्हणे!

फिरस्ता:
काल एकाने इथे लिहिलं की कासवं अंडी घालतात ते संरक्षित किनारे पर्यटकांना कायमचे बंद करा, बघायला जाणारे सगळे सेल्फीबहाद्दर. डोकंच सटकलं. रत्नागिरीतल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखली, त्याआधी अंडी सर्रास पळवायचे. आता लोक पिल्लं बघायला येतात, गावात राहतात, चार पैसे सुटतात म्हणून राखण टिकते. बंद केल्यावर रात्रीचा पहारा तुम्ही देणार का?

तिरकस:
मीच तो. कोस्टारिकात ओस्तिओनालला २०१५ च्या सप्टेंबरात इतकी गर्दी झाली की माद्या अंडी न घालताच माघारी गेल्या, लोकांनी पोरांना कासवांच्या पाठीवर बसवून फोटो काढले. तोही किनारा संरक्षितच होता हो.

रेतीवाली:
गर्दी कशाला, एक माणूस पुरतो. आम्ही अंधारात गप बसलेलो, मादी भरतीरेषेच्या वर आली, मागच्या पायांनी खड्डा उकरायला घेणार तेवढ्यात एकाने फ्लॅश मारला. वळली ती सरळ पाण्यात. अंडी पडायला लागली की सहसा हलत नाही पण वर चढताना लगेच बिचकते, हे गाईडने आधी घसा फोडून सांगितलेलं. आणि हा कोण, तर मोठ्या लेन्सवाला, दिवसभर आम्हाला निसर्गप्रेम शिकवत होता!

फिरस्ता:
मग त्याला हाकला ना. वेळासला लोक बघतात ती हॅचरीतली, म्हणजे अंडी उचलून कुंपणात पुरतात तिथली पिल्लं, मादीला त्रास व्हायचा प्रश्न येतोच कुठे?

अर्धवटराव:
हॅचरीचं कौतुक पुरे आता. अंडी घातल्यावर काही तासांत हलवली तर ठीक, उशीर झाला आणि अंडं फिरलं की आतला गर्भ मेला. वाळू जास्त तापली तर सगळ्या माद्याच निपजतात. त्यात पाहुणे जमेपर्यंत पिल्लं टोपलीखाली डांबली की पोहायचा सुरुवातीचा जोर तिथेच संपतो.

फिरस्ता:
आणि जागेवर ठेवली की कोल्हे-कुत्री सोडतात का? शंभरेक अंड्यांचं घरटं, सकाळी नुसती टरफलं पडलेली, डोळ्यांनी बघितलंय मी. घरात बसून ज्ञान पाजळू नका राव.

अर्धवटराव:
घरात कोण बसलंय ते राहू दे. जागेवरच जाळी लावा, कुत्र्याला उकरता येत नाही, पिल्लं फटीतून निघतात. पण मग ठरल्या वेळी सोडायचा कार्यक्रम होत नाही, खरं दुखणं ते आहे तुमचं.

रेतीवाली:
भरतीचं पाणी जाळीला विचारून येतं का? खालच्या पट्ट्यातली घरटी हलवावीच लागतात.

अर्धवटराव:
बरं बाई, तेवढी हलवा. तेवढीच!

तिरकस:
पोस्ट माझी आणि भांडण हॅचरीवर, वा. चला, 'कायमचे' खोडतो, माद्या वर येतात त्या रात्री तरी बंद ठेवा. आणि किनाऱ्यालगतच्या हॉटेलांचे दिवे कोण विझवणार? पिल्लं उजेड दिसेल तिकडे पळतात.

फिरस्ता:
तेही सांगायला गावकरीच जातात, साहेब. शिव्या खाऊन येतात.