मदत हवी आहे: वेगवेगळ्या देशांत, खचाखच भरलेल्या हॉलसाठी वायफायचे बँड कसे निवडायचे?

मंडळी, आमची कॉन्फरन्स दर वेळी वेगळ्या देशात असते, आता जर्मनी, जपान आणि मग अमेरिका असं ठरलंय आणि वायफाय माझ्याकडे आहे. एका हॉलमध्ये हजारेक माणसं, प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप.

2.4 गिगाहर्ट्झवर माझी भिस्त नाहीच. एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, वरून ब्लूटूथ आणि लोकांचे हॉटस्पॉट. जुन्या डिव्हाइससाठी मोजक्या एपीवर (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा) चालू ठेवेन, बाकीच्यांवर बंद.

खरा घोळ 5 गिगाहर्ट्झचा आहे. 36 ते 48 हे चार चॅनल हॉलच्या आत तिन्ही देशांत बिनघोर चालतात, पण एवढ्या गर्दीला चार कुठे पुरणार. अमेरिकेत 149 ते 165 मिळतात, जपानमध्ये ते वायफायला नाहीत आणि जर्मनीत अगदी कमी पॉवरवरच चालतात. मग उरले 52 ते 64 आणि 100 ते 140, म्हणजे डीएफएसवाले (जिथे रडार असेल तर वायफायने वाट सोडायची, असा नियम). ते धरले तर युरोपात 20 मेगाहर्ट्झचे 19 चॅनल होतात (80 ची रुंदी ठेवली तर जेमतेम 4, म्हणून मी 20 वरच राहणार). पण रडार दिसलं की एपीने चॅनल सोडायचा आणि दुसऱ्या डीएफएस चॅनलवर जायचं तर आधी एक मिनिट नुसतं ऐकत बसायचं, त्यात युरोपात 120 ते 128 वर हवामानाची रडार असल्यामुळे तिथे तेच 10 मिनिटं, आणि हे मुख्य भाषण चालू असताना झालं तर तिथली सगळी गर्दी शेजारच्या एपीवर जाऊन पडणार ना.

6 गिगाहर्ट्झमध्ये डीएफएस नाही हे फार बरं. अमेरिकेत 5925 ते 7125 मेगाहर्ट्झ सगळा मोकळा, युरोपात 5945 ते 6425 एवढाच, जपानमध्येही 6425 पर्यंतच. पण तो फक्त नव्या डिव्हाइसना दिसतो आणि साधं ओपन (पासवर्ड आणि एन्क्रिप्शन नसलेलं) नेटवर्क तिथे चालत नाही, म्हणून सगळा भार त्यावर टाकता येत नाही.

मोठे हॉल सांभाळलेल्यांनी प्लीज सांगा, डीएफएस चॅनल तुम्ही सरसकट वापरता की आधी जागेवर जाऊन रडार किती वेळा लागतं ते बघून ठरवता? 120 ते 128 मी सरळ वगळू का? 6 गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्यायचं की 5 बरोबर एकच? आणि अमेरिकेत विकले जाणारे एपी तिथल्याच नियमांना लॉक असतात, तर तिथे भाड्याने घेतलेले बरे की आणखी काही मार्ग आहे?